भिंत कोणाची?
कलादालनाबाहेरची कला आणि आपली चळवळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शेतीमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न, शिक्षणाचे खासगीकरण अशा विषयांच्या पंक्तीला आज चित्र-शिल्पकलेच्या प्रदर्शनांचा विषय येऊन बसला आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चित्रकला हा ज्यांच्या पोटापाण्याची ददात मिटली आहे त्यांचा विषय, अशी आपली एक पक्की समजूत आहे. ती आपण कोठून घेतली, याचा शोध घ्यावा असे मला वाटते. कारण ती श्रमिकांनी निर्माण केलेली नाही. ज्या इमारतींत चित्रे लावली जातात त्या इमारतींनी ती निर्माण केली आहे, आणि आपण ती निमूटपणे मान्य केली आहे.

मुंबईतील जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. तेथे तिकीट लागत नाही, दारावर कोणी जात विचारत नाही, की पगाराची पावतीही मागत नाही. तरीही समोरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या हजारो माणसांपैकी फारच थोडी आत पाऊल टाकतात. बाहेर पदपथावर मांडलेल्या चित्रांपाशी मात्र तीच माणसे थबकतात. हा अनुभव केवळ मुंबईचा नाही. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू व त्यांचे सहकारी यांनी युरोपातील संग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी करून १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले, त्यांचा मथितार्थ हाच होता. संग्रहालयात कोण जातो हे प्रामुख्याने शिक्षणावर आणि घरातून मिळालेल्या संस्कारांवर ठरते. केवळ प्रवेशमूल्य रद्द केल्याने दार उघडत नाही. पुढे १९७६ मध्ये ब्रायन ओडोहर्टी या आयरिश-अमेरिकन कलावंत-समीक्षकाने पांढऱ्याशुभ्र, खिडक्या नसलेल्या, बाहेरच्या जगाचा आवाज आत येऊ न देणाऱ्या आधुनिक कलादालनाची चिकित्सा केली. अशी खोली तटस्थ नसते. काय पवित्र मानायचे आणि त्याच्यासमोर कसे उभे राहायचे हे ती खोलीच आपल्याला शिकवते, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला पुस्तकाची गरज नाही. गाभाऱ्याबाहेर उभे राहण्याची सक्ती ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसली, त्यांना उंबरठा म्हणजे काय हे ठाऊक आहे.

म्हणून समकालीन कला दालनाबाहेर आणण्याचा, म्हणजे गोदामात, गोदीत, बाजारात, कामगारांच्या कचेरीत, हातपंपाच्या कट्ट्यावर ती मांडण्याचा जो प्रयत्न जगात आणि आपल्या देशात झाला, त्याकडे आपण आस्थेने पाहिले पाहिजे. पण आस्थेने म्हणजे भाबडेपणाने नव्हे. जागा बदलली की कला लोकांची झाली, असे होत नाही. जागा कोणाची, ती रिकामी कशी झाली, तेथे कोणाला बोलावले आणि काम संपल्यावर मागे काय उरले, हे प्रश्न विचारावेच लागतात. आज मी काही उदाहरणांच्या आधारे तेच विचारणार आहे.

फैजपूर आणि हरिपुरा

आरंभ आपल्याच घरापासून करू. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि अधिवेशनाच्या तयारीसाठी साने गुरुजींनी खानदेशात गावोगाव पायपीट केली होती, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. मात्र त्या अधिवेशनाचा मंडप, दरवाजे, प्रदर्शनाची मांडणी हे सारे शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांच्या दृष्टीतून उतरले होते, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. गांधीजींनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले. अट एकच: जे करायचे ते त्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांच्या हातून व्हावे. नंदलालांनी बांबू, गवत, चटया यांतून एक नगर उभे केले. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या कामगिरीचे श्रेय जाहीरपणे कलावंताला दिले.

पुढचे पाऊल फेब्रुवारी १९३८ मध्ये पडले. गुजरातेतील हरिपुरा येथे, तापीच्याच काठी, सुभाषचंद्र बोसांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. नंदलाल आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी सुमारे चारशे चित्रफलक रंगवले. त्यांतले ऐंशीहून अधिक खुद्द नंदलालांच्या हातचे. हाताने बनवलेला कागद, मातीचे रंग, कुंचल्याचा ठसठशीत फटकारा. चित्रांत कोण होते? नांगर धरणारा शेतकरी, चांभार, सुतार, ढोल वाजवणारा, स्वयंपाक करणारी बाई, मूल सांभाळणारी आई. ही चित्रे दरवाजांवर, मंडपांवर, जाण्यायेण्याच्या वाटांवर लावलेली होती. अधिवेशनाला आलेला शेतकरी ती पाहायला म्हणून कोठे गेला नाही. तो चालत होता त्या वाटेवरच ती त्याला भेटली, आणि त्यांत त्याला आपला धंदा व आपली बैठक दिसली.

या घटनेचे महत्त्व ‘कला लोकांपर्यंत नेली’ एवढ्या वाक्यात संपत नाही. नंदलाल हे त्या काळातील देशातील अग्रगण्य चित्रकार होते. मंडपासाठी म्हणून त्यांनी दुय्यम दर्जाचे काम केले नाही. जागा, वेळ, साहित्य आणि प्रेक्षक या चारही मर्यादा त्यांनी स्वीकारल्या, आणि त्या मर्यादांतूनच त्यांच्या चित्राला नवी शैली सापडली. चार दिवसांच्या मंडपासाठी केलेले हे काम आज राष्ट्रीय संग्रहात जपले जाते. दालनाबाहेरची कला म्हणजे सवलतीच्या दरातील कला, हा गैरसमज तापीच्या काठी केव्हाच खोटा ठरला आहे.

तुकुमान पेटले आहे

दुसरे उदाहरण दूरचे, दक्षिण अमेरिकेतील आहे. पण ऊस आणि साखर यांच्याशी ज्यांचा संबंध आहे त्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ते परके वाटू नये.

अर्जेंटिनाच्या वायव्येस तुकुमान नावाचा लहानसा प्रांत आहे. त्याचे सारे जीवन साखरेवर उभे. १९६६ मध्ये जनरल ओन्गानिया यांनी लष्करी बळावर सत्ता घेतली आणि ‘सुधारणे’च्या नावाखाली तेथील २७ साखर कारखान्यांपैकी ११ बंद करण्यात आले. हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. सरकारने मात्र तुकुमानच्या औद्योगिक भरभराटीचा गाजावाजा सुरू ठेवला, आणि वृत्तपत्रांनी तोच छापला.

याच सुमारास रोसारियो आणि ब्युनोस आयर्स या शहरांतील काही तरुण कलावंत प्रस्थापित कलासंस्थांशी फारकत घेत होते. भांडवलदारांच्या देणगीवर चालणाऱ्या दालनांत कितीही जहाल काम मांडले, तरी ते दालन ते पचवून टाकते, असा त्यांचा अनुभव होता. १९६८ मध्ये त्यांनी समाजशास्त्रज्ञ, छायाचित्रकार व पत्रकार यांना बरोबर घेऊन तुकुमानला जायचे ठरवले. आधी त्यांनी सरकारी सांस्कृतिक अधिकाऱ्यांची भेट घेऊन कलाप्रकल्पाचे निमित्त पुढे केले आणि पत्रकार परिषदही घेतली. त्या आडोशाने ते कामगारांच्या वस्त्यांत, शाळांत, बंद कारखान्यांच्या परिसरात फिरले. मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, छायाचित्रे घेतली, चित्रफीत तयार केली. काम आटोपल्यावर दुसरी पत्रकार परिषद घेऊन त्यांनी खरा हेतू जाहीर केला. इकडे रोसारियोच्या भिंतींवर ‘तुकुमान’ हा एकच शब्द दिसू लागला होता. चित्रपटगृहाच्या तिकिटांवरही तो उमटला. मागाहून त्याला दुसरा शब्द जोडला गेला: ‘तुकुमान आर्दे’, म्हणजे तुकुमान पेटले आहे.

प्रदर्शन कोठे भरले, हे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ते संग्रहालयात भरले नाही. लष्करी राजवटीशी तडजोड नाकारणाऱ्या कामगार महासंघाच्या रोसारियोतील कचेरीत, नोव्हेंबर १९६८ च्या पहिल्या आठवड्यात ते भरले. आत शिरताना जमिनीवर साखर कारखान्यांच्या मालकांची नावे पसरलेली होती. त्यांवर पाय देऊनच पुढे जावे लागे. भिंतींवर मजुरांची मोठाली छायाचित्रे, वृत्तपत्रांची कात्रणे, मालक आणि सत्ताधारी यांचे लागेबांधे दाखवणारे तक्ते. ध्वनिक्षेपकावर मुलाखती चालू. आलेल्यांना कॉफी दिली जाई, ती बिनसाखरेची, कडू. आणि ठरावीक अंतराने दिवे जात. तुकुमानमध्ये बालके ज्या गतीने मृत्यू पावत होती, ती गती या अंधाराने मोजली जात होती.

कॉफीचा तो पेला कलाकृती होता की प्रचार? या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की तो पेला पांढऱ्या दालनात दिला असता तर ती एक चतुर कल्पना ठरली असती. कामगारांच्या कचेरीत, संघटनेच्या सभासदांच्या हातात तो आला, तेव्हा ती बातमी झाली, आणि दडपलेली बातमी झाली. जागेने कलाकृतीचा अर्थ पक्का केला. रोसारियोत गर्दी एवढी झाली की मुदत वाढवावी लागली. ब्युनोस आयर्समध्ये त्याच महिन्याच्या अखेरीस महासंघाच्या इमारतीत तेच प्रदर्शन उघडले, तेव्हा सरकारी दडपणामुळे ते एक-दोन दिवसांतच बंद करावे लागले. संघटनेची इमारत कलावंताला संरक्षण देऊ शकते, तशी कलावंतामुळे संघटना अडचणीतही येऊ शकते. हे दोन्ही तेथे दिसले.

या कहाणीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. रोसारियोचा गट पांगला. त्यांतील अनेकांनी पुढे कित्येक वर्षे कलानिर्मितीच थांबवली. सहभागी कलावंतांपैकी लेओन फेरारी यांना १९७६ च्या लष्करी उठावानंतर ब्राझीलमध्ये परागंदा व्हावे लागले. मागे राहिलेला त्यांचा मुलगा ‘बेपत्ता’ झाला. गटातील ग्रासिएला कार्नेवाले यांनी प्रदर्शनाची कागदपत्रे जिवापाड जपून ठेवली. तीच कागदपत्रे २००७ मध्ये जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या जगन्मान्य प्रदर्शनात मांडली गेली. नंदलालांचे हरिपुऱ्याचे फलकही २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीतील भारतीय दालनात झळकले. कामगारांच्या कचेरीतून आणि शेतकऱ्यांच्या मंडपातून निघालेली ही कामे शेवटी कलाजगताच्या मोठ्या दालनांत मानाने पोचली. उलट दिशेची वाट मात्र तेवढी मळलेली नाही.

गिरणीचे काय झाले?

आता दुसरी बाजू पाहू. ती आपल्या अंगणातली आहे. दालनाबाहेरची जागा म्हटली की कलाजगताला सर्वांत आवडते ती जुनी औद्योगिक इमारत. उंच छत, लोखंडी खांब, पोपडे उडालेल्या भिंती, वरून येणारा प्रकाश. लंडनमध्ये १९८१ साली बंद पडलेल्या वीजकेंद्रात २००० साली ‘टेट मॉडर्न’ हे संग्रहालय उघडले, तेव्हापासून जगभर हा नमुनाच होऊन बसला. इमारत पाडण्यापेक्षा तिचा असा उपयोग होणे केव्हाही बरे, हे मान्य. पण इमारत रिकामी होते म्हणजे काय होते?

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मिटला नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी सांगितली. २००१ मध्ये नियम असा बदलला गेला, की ही वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच राहिली. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला तुकडे आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. त्यानंतर परळ-लोअर परळच्या आवारांत कचेऱ्या, मॉल, उपाहारगृहे उभी राहिली, आणि त्यांच्या सोबतीला कोठे दालने, कोठे प्रदर्शनासाठी भाड्याने मिळणारी ‘औद्योगिक’ सभागृहेही आली.

योगायोग असा, की संप सुरू झाला त्याच १९८२ साली शॅरन झुकिन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीचा न्यूयॉर्कवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सोहो भागातील कारखाने उठल्यावर तेथील माळ्यांवर कलावंत राहू लागले, त्यांच्यामुळे त्या वस्तीला प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठेमागोमाग जमिनीचा पैसा आला. अखेरीस कलावंतांनाही तेथे राहणे परवडेना. भांडवल आधी कामगाराला हलवते, मग कलावंताला बोलावते, आणि जागेला भाव आला की त्यालाही हलवते. मुंबईत तर मधला टप्पाही फार काळ टिकला नाही.

म्हणून गिरणीच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रापुढे उभे राहताना विचारले पाहिजे: येथे साचा चालवणाऱ्याचे नाव कोठे आहे? त्याला घर मिळाले का? त्याची नात हे चित्र पाहायला येऊ शकते का? हे प्रश्न कलावंताला अपमानास्पद वाटू नयेत. तो ज्या जागेचे ‘वातावरण’ आपल्या कामासाठी वापरतो, त्या जागेचे देणेही त्याने मान्य केले पाहिजे.

ससून गोदीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी बंद पडलेली नाही. पहाटे तेथे मासळीचा लिलाव होतो, कोळणी आणि कोळंबी सोलणाऱ्या बाया कामाला बसतात. २०१७ च्या अखेरीस तेथील गोदामांत आणि भिंतींवर समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन भरले. एका रंग उत्पादक कंपनीचे त्याला पाठबळ होते. मासळीचा वास, जाळी, बर्फ, समुद्रातला कचरा असे तेथलेच विषय कलावंतांनी घेतले. गोदीत राबणाऱ्या माणसांची भलीमोठी छायाचित्रे भिंतींवर चिकटवली गेली. दक्षिण मुंबईतील जी मंडळी नाकाला रुमाल लावून त्या रस्त्याने जात, ती रांगा लावून आत आली. हे चांगलेच झाले. ज्यांचे चेहरे कोणी पाहत नव्हते, ते चेहरे भिंतीएवढे झाले. पण कोळणीचा चेहरा भिंतीएवढा झाल्याने तिच्या टोपलीचा भाव वाढत नाही. तिला बसायला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह मिळत नाही. कलेने हे सारे द्यावे असे मी म्हणत नाही. त्या गर्दीला या मागण्या ऐकवण्याची जी संधी होती, ती साधण्याचे काम संघटनांचे होते. गोदीत प्रदर्शन भरते आणि आपण त्याची बातमी वर्तमानपत्रात वाचतो, याची जबाबदारी आपली.

सार्वजनिक पैसा, सार्वजनिक हिशेब

केरळचा प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १२ डिसेंबर २०१२ रोजी कोची येथे ‘कोची-मुझिरिस बिएनाले’ सुरू झाले. मूळचे केरळचे आणि मुंबईत स्थिरावलेले दोन चित्रकार, बोस कृष्णम्माचारी व रियाज कोमू, यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. मसाले, काथ्या यांचा व्यापार करणाऱ्या जुन्या कंपन्यांची समुद्राकाठची गोदामे, विशेषतः फोर्ट कोचीतील ॲस्पिनवॉल हाऊस, हे त्याचे मुख्य ठिकाण. राज्य सरकारने सार्वजनिक निधी दिला; त्यावरून केरळात वादही रंगला. परंतु रिक्षावाले, शाळकरी मुले, मासेमार, गृहिणी अशी लाखो माणसे तेथे फिरली. ज्या राज्यात ग्रंथालय चळवळ खेड्यापाड्यांत रुजलेली आहे, तेथे गोदामातले अवघड प्रदर्शनही लोक आपले मानू शकतात, हे त्यातून दिसले. बूर्द्यूंच्या निष्कर्षाचीच ही दुसरी बाजू आहे: उंबरठा शिक्षणाने बनतो, तर तो लोकशिक्षणाने झिजतोही.

पण तेथेही हिशेब चुकला. २०१८-१९ च्या आवृत्तीनंतर मांडणीचे काम केलेल्यांच्या थकलेल्या पैशांवरून जाहीर वाद झाला. २०२२ मध्ये उद्घाटन अगदी ऐन वेळी पुढे ढकलून २३ डिसेंबरला घ्यावे लागले, आणि सहभागी कलावंतांनी जाहीर पत्र लिहून व्यवस्थेतील त्रुटींवर बोट ठेवले. प्रदर्शनात श्रमिकांवरची कलाकृती आणि प्रदर्शनाच्या श्रमिकाची मजुरी थकलेली, ही विसंगती आपल्याला तरी चालू नये. सुतार, वीजतंत्री, हमाल, पहारेकरी यांच्यावाचून कोणतेही प्रदर्शन उभे राहत नाही. आपल्या व्यासपीठावर तर त्यांची मजुरी पहिल्या दिवशी दिली गेली पाहिजे, आणि कलावंताचे मानधनही. ‘चळवळीचे काम आहे, फुकट करा’ ही आपली सवय मालकाच्या सवयीपेक्षा फार वेगळी नाही.

हातपंपापाशी

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. नवज्योत अल्ताफ या चित्रकर्तीचा सत्तरच्या दशकात मुंबईतील ‘प्रोयोम’ या डाव्या युवक गटाशी संबंध होता. त्या काळी त्यांनी चळवळीसाठी भित्तिपत्रके केली. पुढे नव्वदच्या दशकात त्या बस्तरमधील कोंडागाव येथे गेल्या आणि तेथील आदिवासी कलावंतांबरोबर काम करू लागल्या. त्या सर्वांनी मिळून जी कामे केली, त्यांत हातपंपांभोवतीच्या जागा आहेत. ‘नलपार’ असे त्यांना म्हणतात. चिखल, साचलेले पाणी, घागर उचलताना पाठीवर येणारा ताण या गोष्टी पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलून समजून घेतल्या. आणि मग बांधकाम असे केले की घागर मधल्या उंचीवर टेकवून डोक्यावर घेता यावी. भिंतींवर आकृती आहेत, चिन्हे आहेत. ती शिल्पेच आहेत. पण त्यांच्यापाशी कोणी ‘पाहायला’ जात नाही. रोज पाण्याला जातात.

येथे कलावंताने जागा उसनी घेतली नाही. जागेच्या मालकिणींना विचारून, त्यांच्या कामाला हात लावून तो तेथे राहिला. फैजपूरची अट, म्हणजे तेथलेच साहित्य आणि तेथलेच हात, बस्तरमध्ये साठ वर्षांनी पुन्हा पाळली गेली असे मी म्हणेन.

दोन आक्षेप

आपल्यातून दोन आक्षेप येतील. पहिला असा, की लोकांना भाकरी हवी, चित्रे नकोत. हा आक्षेप घेणारे हे विसरतात की लोकांनी भाकरीबरोबर कला नेहमीच ठेवली आहे. वारली चित्र मुळात लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनींनी काढायचे चित्र. जिव्या सोमा मशे यांच्या हातून ते कागदावर आले आणि दालनात गेले. बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर झोपडीतल्या भिंतीवर लावणाऱ्या माणसाला चित्र म्हणजे काय आणि ते कोठे लावायचे, हे शिकवावे लागत नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक कामगारवस्तीत उभे राहिले, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गावोगाव गेले, तेव्हा कोणी म्हटले नाही की लोकांना पोवाडा नको. गाण्याला आणि नाट्याला आपण जागा दिली. चित्राला दिली नाही. गाणे ऐकून माणूस ते घेऊन घरी जातो. चित्र मात्र कोणा एकाच्या मालकीची वस्तू, असे आपणही धरून चाललो. तेच तपासून पाहायचे आहे.

दुसरा आक्षेप कलावंतांकडून येतो: पक्षाच्या भिंतीवर गेलेली कला पक्षाची होते. ही भीती अनाठायी नाही. इतिहासात पक्षांनी कलावंतांना फर्माने काढली आहेत आणि वाकवले आहे. म्हणून आपण आधीच कबूल केले पाहिजे की भिंत आमची असली तरी चित्र कलावंताचे आहे. ते आम्हाला अवघड वाटले, आमच्यावर टीका करणारे असले, तरी ते उतरवले जाणार नाही. सफदर हाश्मी यांच्या हत्येनंतर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सहमत’ने हे पुष्कळ अंशी साधले. त्यांनी १९९२ मध्ये दिल्लीच्या रिक्षाचालकांना आपापल्या रिक्षांवर सलोख्याची वचने लिहायला प्रवृत्त केले; हलकी, प्रवासात नेता येतील अशी प्रदर्शने गावोगाव पाठवली. १९९३ मध्ये ‘हम सब अयोध्या’ या प्रदर्शनाची फैजाबादमध्ये मोडतोड झाली. दालनात जे सुरक्षित असते ते रस्त्यावर तसे नसते, आणि अशा वेळी कलावंताच्या पाठीशी उभे राहणारी संघटना लागते. पक्षाची भिंत ही बेडी न होता अशा वेळी आधार झाली, तरच तिचा उपयोग.

आपण काय करू शकतो

महाराष्ट्रात आपल्या चळवळीच्या मालकीच्या किंवा तिच्या प्रभावाखालील जागा थोड्याथोडक्या नाहीत. कामगार संघटनांच्या कचेऱ्या, श्रमिक भवने, वाचनालये, पतपेढ्यांची सभागृहे, शिक्षणसंस्थांचे व्हरांडे. त्यांच्या भिंतींवर आज काय असते? नेत्यांच्या हार घातलेल्या तसबिरी, जुनी दिनदर्शिका, आणि पाण्याचे डाग. यांतली एक भिंत दर तीन महिन्यांनी एका चित्रकाराला द्यावी, एवढाच माझा प्रस्ताव आहे. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी समकालीन कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत फिरवून दाखवले, त्याला दीड दशक उलटून गेले. इच्छा असेल तर हे होते.

व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. ओल आलेल्या भिंतीवर कागद टिकत नाही. म्हणून आधी भिंतीची डागडुजी, मग चुना. खिडकीतून थेट ऊन पडेल तेथे जलरंग लावू नये. मूळ चित्राचा विमा आणि सुरक्षितता झेपत नसेल तर लाकडी ठसा, लिनोचा ठसा अशी मुळातच अनेक प्रतींत निघणारी कला निवडावी. बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद मुंबईत राहून अशीच ठशांची कला करीत आणि चळवळीच्या छापील पानालाही ते दालनाइतकेच महत्त्व देत. त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या, यावरून त्या पानाची ताकद कळते. उद्घाटनाला पुढारी नको. चित्रकाराने एक संध्याकाळ तेथे बसून लोकांशी बोलावे. वेळ पाळी सुटण्याची आणि आठवडा बाजाराची पाहून ठरवावी. मुलांना चित्रांपाशी जाऊ द्यावे. ‘हात लावू नका’ ही पाटी सर्वांत शेवटी लावावी. चित्राखाली चित्रकाराच्या नावाबरोबर भिंत रंगवणाऱ्याचे आणि चौकट करणाऱ्याचेही नाव असावे.

आणि जागा आपली नसेल, बाजार, बंदर, गिरणी किंवा वस्ती असेल, तर तेथे राबणाऱ्यांना विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. जी जागा माणसे हुसकावून रिकामी केली गेली आहे, तेथे त्या माणसांच्या मागण्यांसह प्रदर्शन भरत असेल तर जावे. मागण्या बाहेर ठेवून भरत असेल तर त्याच्या दारात आपली पत्रके घेऊन उभे राहावे.

मित्रहो, रोसारियोच्या कामगारांनी आपली कचेरी दिली, तेव्हा त्यांना कलेचे मर्म कळत होते की नाही, हे कोणी विचारले नाही. त्यांनी दार उघडले, धोका पत्करला, आणि वर्तमानपत्रांनी लपवलेली एका प्रांताची उपासमार शहराला दिसली. महाराष्ट्रात आज ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत, बंद कारखान्यांची थकलेली देणी आहेत, गिरणी कामगारांची न मिळालेली घरे आहेत, आणि ते चित्रात पकडू पाहणारी तरुण मुलेमुलीही कलाशाळांतून बाहेर पडत आहेत. त्यांना मुंबईतल्या दालनाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षे ताटकळत ठेवायचे की आपल्या भिंतीपाशी बोलवायचे, याचा निर्णय या सभागृहात बसलेले कार्यकर्ते घेऊ शकतात. परत गेल्यावर आपापल्या कचेरीची भिंत एकदा नीट पाहा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तिला एक ओळ द्या, एवढी विनंती करून मी थांबतो.